पैसे आपले, कुलूप त्यांचे : विकत घेतलेल्या यंत्रावरच्या हक्काचा इतिहास

मोबाइलची पावती आपल्या नावाची असते. हप्ते आपण भरतो. फुटला तर नुकसान आपले. तरीही त्यात आधीपासून भरून दिलेली काही ॲप्स आपल्याला काढता येत नाहीत. कंपनीने अपडेट बंद केले की चांगला चालणारा फोन निकामी होत जातो, आणि दुसरी प्रणाली टाकायची म्हटली तर बूटलोडरला कुलूप असते. हप्त्यावर घेतलेला फोन एक हप्ता थकला की दुरूनच बंद करणारी ॲप्सही आपल्या देशात वापरली जातात. जुना सावकार निदान भांडी उचलायला दारात यायचा. नव्या सावकाराला दारात यायचीही गरज उरलेली नाही.

हा विषय चळवळीच्या बैठकीत काढला की एक ठरलेले उत्तर मिळते : 'हे इंजिनिअर लोकांचे प्रश्न आहेत, आपल्यापुढे शिष्यवृत्ती आहे, अत्याचाराच्या केसेस आहेत, जमिनीचे प्रश्न आहेत.' आम्हाला हे उत्तर मान्य नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आज कशावरून भरला जातो? रेशनच्या दुकानात अंगठा कशावर लावावा लागतो? आपल्या वस्त्यांमधली किती पोरे मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर पोट भरतात? सेकंडहँड फोन सर्वात जास्त कोण वापरते? ज्याच्याकडे नवा फोन घ्यायला पैसे आहेत त्याला कुलपाचा त्रास कमी. ज्याला आहे तोच फोन पाच-सहा वर्षे चालवायचा आहे, त्याच्यासाठी हे कुलूप म्हणजे रोजचा खर्च आहे.

म्हणून हा प्रश्न आला कुठून, तो कोर्टात आणि कायद्यात कसा लढला गेला आणि आपल्या देशाचा कायदा काय सांगतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. या लढ्याचा मोठा भाग अमेरिकेत घडला. तो तिथलाच म्हणून वाचावा, आणि त्यातून आपल्या उपयोगाचे काय ते आपण ठरवावे.

टेलिफोनला लावलेला पेला

या इतिहासाची सुरुवात संगणकाच्याही आधी होते. अमेरिकेत टेलिफोनवर एटी अँड टी या एकाच कंपनीची मक्तेदारी होती. घरातला टेलिफोनही कंपनीचाच असायचा, ग्राहक त्याचे भाडे भरायचा. त्याला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला कंपनीची मनाई होती. 'हश-अ-फोन' नावाची एक साधी वस्तू बाजारात होती. बोलायच्या तोंडावर बसवायचा पेल्यासारखा तुकडा, म्हणजे आपले बोलणे शेजारच्याला ऐकू जाणार नाही. त्यात वीज नाही, तार नाही. तरी कंपनी म्हणाली की यामुळे आमच्या यंत्रणेला धोका आहे. सरकारी दूरसंचार आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली.

१९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने हा निर्णय फिरवला. कोर्टाच्या म्हणण्याचा गाभा असा : ग्राहक आपल्या सोयीसाठी टेलिफोन कसा वापरतो यात सार्वजनिक नुकसान होत नसेल, तर त्याला अडवण्याचा अधिकार कंपनीला नाही. पुढे १९६८ मध्ये 'कार्टरफोन' प्रकरणात आयोगानेच हे तत्त्व मान्य केले आणि बाहेरची उपकरणे टेलिफोनच्या जाळ्याला जोडण्याची वाट मोकळी झाली. फॅक्स, उत्तर देणारी यंत्रे आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे मोडेम याच वाटेने आले. ज्या इंटरनेटवर आपण आज हा लेख वाचतो आहोत, ते सामान्य घरात पोहोचायला एका प्लास्टिकच्या पेल्याचा खटलाही कारणीभूत आहे.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'सुरक्षिततेला धोका' हे कारण त्या पेल्यालाही लावले गेले होते. पुढच्या सत्तर वर्षांत हेच कारण पुन्हा पुन्हा येणार आहे.

प्रिंटर आणि परवाना

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांचे काम खोळंबायचे. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने सॉफ्टवेअरमध्ये बदल करून कागद अडकल्याचा निरोप वापरणाऱ्यांना जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र दिलाच गेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, त्याने तो न देण्याच्या करारावर सही केली होती. यंत्र समोर आहे, दुरुस्त करणारा हात आहे, अक्कल आहे, पण परवानगी नाही.

स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू झाले. इथे 'फ्री' म्हणजे फुकट असा अर्थ नाही, मोकळे असा आहे : वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक. १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स', म्हणजे जीपीएल हा परवाना आला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कॉपीराइटचा कायदा निर्मात्याला अटी घालण्याचा अधिकार देतो. जीपीएलने तोच अधिकार वापरून उलटी अट घातली : हे सॉफ्टवेअर तुम्ही पुढे देणार असाल, तर सोर्स कोडही द्या आणि घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. कुलूप बनवण्याच्या कायद्यातूनच किल्ली घडवली गेली.

याचा प्रत्यक्ष उपयोग २००३ मध्ये दिसला. लिंक्सिस कंपनीच्या एका लोकप्रिय वायफाय राउटरमध्ये जीपीएलखालचे लिनक्स वापरलेले आढळले. दबाव आला आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. त्या कोडमधून 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी सोडून दिलेले जुने राउटर आजही लोक त्यावर चालवतात.

पण कंपन्यांनाही पळवाट सापडली. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणाऱ्या 'टिवो' या यंत्रात लिनक्स होते. कंपनीने कोड दिला, पण त्यात बदल करून तो यंत्रात टाकला तर यंत्र तो चालवायलाच नकार देई, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसे. कागदावर हक्क पूर्ण, प्रत्यक्षात शून्य. म्हणून २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. ग्राहकाच्या यंत्रात सॉफ्टवेअर देणाऱ्याने बदललेला कोड बसवण्यासाठी लागणारी माहितीही दिली पाहिजे, अशी अट त्यात घातली गेली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, आणि अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच गाभा आहे. कोड खुला असूनही आपला फोन बंद का, याचे एक उत्तर इथे आहे.

कुलूप तोडणे हाच गुन्हा

१९९६ मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा कॉपीराइट करार झाला. डिजिटल कुलपांना कायद्याचे संरक्षण द्यायचे, असे त्यात ठरले. त्यानुसार ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट' आला. त्याचे कलम १२०१ फार दूरगामी आहे. चोरीची नक्कल करणे हा गुन्हा आधीपासून होताच. या कलमाने कुलूप ओलांडणे हाच स्वतंत्र दोष केला. कुलपाच्या आतली वस्तू तुमची असो, तुम्ही काहीही चोरलेले नसो. धंद्यासाठी जाणूनबुजून केले तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड.

नॉर्वेत काय झाले पाहा. १९९९ मध्ये यॉन योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाने इतरांबरोबर डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर बघता यावी, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये खालच्या आणि अपिलाच्या, दोन्ही कोर्टांनी त्याला निर्दोष सोडले. स्वतःच्या मालकीच्या वस्तूत शिरणे ही घरफोडी होत नाही, हा त्यातला साधा विचार.

अमेरिकेतही काही कंपन्यांनी या कलमाचा हास्यास्पद वापर करून पाहिला. प्रिंटरच्या कार्ट्रिजमधली चिप दुसऱ्याने बनवली म्हणून लेक्समार्कने दावा लावला. गॅरेजच्या दाराचा रिमोट दुसऱ्या कंपनीने बनवला म्हणून चेंबरलेनने लावला. २००४ मध्ये अपील कोर्टांत दोघांचेही दावे टिकले नाहीत. पण गरीब माणूस अपील कोर्टापर्यंत पोहोचतो कुठे? खटल्याची भीती हीच पुरेशी शिक्षा असते.

कलम १२०१ मध्ये एक खिडकी ठेवली होती. दर तीन वर्षांनी लोकांनी अर्ज करायचे, आणि काँग्रेसच्या ग्रंथालयाचा प्रमुख कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीने काही बाबतींत सूट देईल. म्हणजे आपल्या वस्तूवरच्या हक्कासाठी ग्रंथपालाकडे अर्ज! २०१० मध्ये स्मार्टफोन 'जेलब्रेक' करायला, म्हणजे कंपनीने न दिलेली कायदेशीर ॲप्स चालवण्यासाठी कुलूप उघडायला सूट मिळाली. ॲपलने विरोध केला होता. २०१२ मध्ये फोनची सूट कायम राहिली, पण टॅबलेटला नाकारली गेली, कारण टॅबलेट म्हणजे नेमके काय हे स्पष्ट नाही असे कार्यालयाला वाटले. खिशात मावेल ते तुमचे, त्याहून मोठे असेल तर कंपनीचे!

त्याच वेळी आधी मिळालेली एक सूट काढूनही घेतली गेली. एका मोबाइल कंपनीला बांधलेला फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमसाठी मोकळा करणे २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनसाठी बेकायदा ठरले. यावर लोक चिडले. व्हाइट हाउसकडे एक लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करून ही मोकळीक परत द्यावी लागली. संघटित झाल्याशिवाय काही मिळत नाही, हे अमेरिकेतही खरे आहे.

ट्रॅक्टरचे कूळ

२०१५ च्या फेरीत सगळ्यात मोठा वाद ट्रॅक्टरचा झाला. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनपासून सगळे सॉफ्टवेअर चालवते. बिघाड झाला की कंपनीच्या माणसाने येऊन संगणक जोडल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही, आणि पेरणी-कापणीचे दिवस तर कुणासाठी थांबत नाहीत. शेतकऱ्यांनी सूट मागितली. जॉन डीअर कंपनीने लेखी म्हणणे दिले की ट्रॅक्टरमधले सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या मालकीचे होत नाही, ट्रॅक्टर आहे तोवर तो चालवण्यापुरता एक गर्भित परवाना त्याला मिळतो.

कोकणातल्या खोतीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. कसणारा कसतो, घाम त्याचा, नांगर त्याचा, पण हक्काचा कागद मधल्या खोताकडे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. जॉन डीअरचा युक्तिवाद लाखो डॉलर मोजणाऱ्या शेतकऱ्यालाही कूळ बनवणारा होता. फरक इतकाच की या कुळाने जमिनीची पूर्ण किंमत आधीच भरली होती.

सरकारी पर्यावरण खात्यानेही या सुटीला विरोध केला. मालकांनी गाड्यांच्या सॉफ्टवेअरला हात लावला तर प्रदूषण वाढेल, हे त्यांचे कारण. हे पत्र जुलै २०१५ चे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच खात्याने जगासमोर आणले की फोक्सवॅगन कंपनीने डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच फसवणूक भरली होती. तपासणी चालू आहे हे ओळखून गाडी धूर कमी करायची, रस्त्यावर पुन्हा विष सोडायची. जगभर सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. नियम मोडणारा हात मालकाचा नव्हता, कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती त्याचाच होता. आणि हे उघडकीला आणण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर गाडी चालवून धूर मोजला म्हणून. कोड बघायची मुभा त्यांना नव्हतीच.

त्या वर्षी ट्रॅक्टर आणि गाड्यांना सूट मिळाली, पण अंमल एक वर्ष लांबवून. २०१८ मध्ये मालकाच्या वतीने दुसऱ्या कारागिराने दुरुस्ती करायलाही सूट मिळाली. २०२१ मध्ये ती ग्राहकांच्या जवळपास सर्व उपकरणांपर्यंत वाढली आणि वैद्यकीय उपकरणेही त्यात आली. हा मुद्दा जिवाचा आहे. कॅरेन सँडलर या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या वकिलाच्या हृदयाशी बसवलेल्या यंत्राचा कोड त्यांना बघायला मिळाला नाही, हे त्या अनेक वर्षे जाहीरपणे सांगत आहेत. शरीर त्यांचे, हृदय त्यांचे, आणि त्याला झटका कधी द्यायचा हे ठरवणारा प्रोग्राम मात्र गुपित!

युरोपात गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे १९९१ च्या निर्देशानेच दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यासाठी कोड उलगडायची मुभा दिली आणि ही मुभा करारातून काढून घेता येणार नाही असेही लिहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या एका प्रकरणात सांगितले की कायदेशीर खरेदीदार चुका दुरुस्त करण्यासाठीही कोड उलगडू शकतो. तरीही झगडा संपलेला नाही. २०२३ च्या शेवटी पोलंडच्या काही संशोधकांनी मांडले की तिथल्या रेल्वेगाड्या बाहेरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला थांबल्या की बंद पडाव्यात, अशा अटी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आढळल्या. कंपनीने आरोप नाकारले आणि प्रकरण कोर्टात गेले.

हक्क आणि किल्ली : महाडची शिकवण

आता या सगळ्यातला खरा पेच पाहा. अमेरिकेत सूट मिळते ती कुलूप उघडण्याच्या कृतीला. पण कुलूप उघडणारे साधन बनवून दुसऱ्याला देण्यावरची बंदी तशीच राहते. म्हणजे शेतकऱ्याने स्वतः किल्ली घडवावी. तुम्हाला हक्क आहे, फक्त तो बजावण्याचे साधन कुणी तुम्हाला देऊ नये. आणि ती सूटही तीन वर्षांचीच. २०१८ पासून जुन्या सुटी पुढे चालू ठेवण्याची पद्धत सोपी झाली, पण मागावे लागतेच.

असा पेच आपल्या माणसांनी फार आधी, फार मोठ्या किमतीने अनुभवला आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांपैकी कुणाला तिथे पाणी घेता आले नव्हते. बाबासाहेबांनी हजारोंना घेऊन तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा हक्क कागदावरून ओंजळीत आला. मग काय झाले? सभेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात तळे खासगी आहे आणि मनाई ही परंपरा आहे असा दावा कोर्टात गेला. मुंबई हायकोर्टाचा अंतिम निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. दहा वर्षे.

आम्ही महाडची आणि मोबाइलची बरोबरी करत नाही. तिथे माणसाचे माणूसपण नाकारले गेले होते. त्याच्या शेजारी कोणतेही कुलूपबंद यंत्र ठेवता येत नाही. पण महाडने हक्काविषयी जे शिकवले ते फक्त पाण्यापुरते ठेवणे म्हणजे महाडला लहान करणे होय. ती शिकवण अशी : ठरावाने मिळालेला हक्क ठरावाने परत घेतला जातो. सार्वजनिक वस्तूवर खासगीपणाचा दावा लावला जातो. जुनी वहिवाट पुढे केली जाते. आणि हक्क बजावण्याचे साधन हातात नसेल तर हक्क असून नसल्यासारखा असतो. म्हणूनच बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दाद मागण्याच्या कलमाला, आजच्या अनुच्छेद ३२ ला, संविधानाचा आत्मा म्हटले. उपाय नसलेला हक्क त्यांना हक्क वाटत नव्हता.

दुसरी गोष्ट १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मधली. सरकारने हस्तक्षेप केला नाही की लोक स्वतंत्र होतात, या समजावर बाबासाहेबांनी तिथे घाव घातला. सरकारने माघार घेतलेल्या जागेत जमीनदार भाडे ठरवतो, भांडवलदार कामाचे तास ठरवतो. म्हणजे खासगी मालकाची हुकूमत सुरू होते. आज त्या यादीत आणखी एक नाव घालावे लागेल. जो कोड लिहितो आणि कुलपाची किल्ली ठेवतो, तोही नियम करतो, तोही शिक्षा देतो. त्याच्या नियमावर ना विधानसभेत चर्चा होते, ना त्याच्या शिक्षेला अपील असते.

आपला कायदा काय म्हणतो

आता भारत. आपल्याकडे अनेक तरुणांना वाटते की फोन रूट करणे गुन्हा आहे. हा गैरसमज दूर झाला पाहिजे.

आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ५२ आहे. कोणत्या कृती कॉपीराइटचा भंग ठरत नाहीत, याची यादी त्यात आहे. संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, तो ती ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिची प्रत काढू शकतो किंवा तिच्यात फेरफार करू शकतो. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी तीन गोष्टी आल्या. स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती मिळवण्याची कृती चालते. प्रोग्राम कसा चालतो याचे निरीक्षण आणि अभ्यास चालतो. आणि कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीत वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी फेरफार चालतो. ग्रंथपालाकडे तीन वर्षांनी अर्ज करायची गरज नाही. हे थेट कायद्यात आहे.

२०१२ मध्ये कलम ६५अ आले. डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या संसदेने एक महत्त्वाचा शब्द ठेवला : हेतू. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले तरच गुन्हा. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी तोडले तर नाही. त्यासाठी दुसऱ्याला मदतही करता येते. फक्त मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. अमेरिकेत साधन देणाऱ्याला जी वाट बंद आहे, ती आपल्याकडे वहीत नोंद ठेवून उघडी आहे. दुरुस्तीच्या टपरीवर काम करणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणी सांगितले आहे का?

उणिवाही आहेत. फेरफाराची एक महत्त्वाची मुभा बिगरव्यापारी वापरापुरती आहे. आपण न वाचता 'मान्य आहे' वर बोट ठेवतो, त्या करारातून या मुभा काढून घेता येतात का, याचे स्पष्ट उत्तर युरोपच्या निर्देशासारखे आपल्या कायद्यात लिहिलेले नाही. आणि कुलूप तोडणे गुन्हा नाही याचा अर्थ कंपनीने किल्ली दिलीच पाहिजे असा होत नाही. हक्क आहे, किल्ली नाही. पुन्हा १९२४ चे महाड.

स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हे त्यातले मुख्य कारण. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली : शेतीची यंत्रे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. डिसेंबरात पोर्टलही आले. पोर्टलवर माहिती मिळते, पण माहिती म्हणजे हक्क नव्हे.

आक्षेप आणि मागण्या

'कुलूप काढले तर चोरीचे फोन फिरतील, पायरसी वाढेल' हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. चोरीला कायदा आहे. पायरसीला कायदा आहे. फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. आमच्या तरुणांना आम्ही बजावून सांगतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. पण चोर असतात म्हणून प्रत्येक घराची किल्ली बिल्डरकडे ठेवायची नसते.

व्यवहाराची बाजूही सांगितली पाहिजे. बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा बहुधा पुसला जातो. वॉरंटीवरून कंपनी वाद घालू शकते. काही बँकांची ॲप्स अशा फोनवर चालत नाहीत. म्हणून रोजच्या कामाच्या एकुलत्या फोनवर प्रयोग करू नका. जुन्या, पडून असलेल्या यंत्रावर शिका.

आमच्या मागण्या अशा आहेत. एक, कलम ५२ मधल्या मुभा कोणत्याही करारातून काढून घेता येणार नाहीत, असे कायद्यात लिहा. दोन, मालकासाठी केलेली दुरुस्ती मोबदला घेऊन केली म्हणून व्यापारी ठरू नये. तीन, कंपनीने अपडेट बंद केल्याच्या दिवशी त्या यंत्राची किल्ली मालकाला मिळाली पाहिजे. चार, सरकारी पैशाने विद्यार्थ्यांना दिलेले टॅबलेट अभ्यासक्रम संपल्यावर कुलूपमुक्त करून द्या. समाजकल्याणाच्या निधीतून विटा वाटायच्या नसतात. पाच, हप्ता थकला म्हणून दुरून फोन बंद करायला मनाई करा. ज्या फोनवर मजुराला कामाचा निरोप येतो, तो बंद केला तर तो हप्ता फेडणार कशातून?

आणि एक काम सरकारकडे मागायचे नाही, आपणच करायचे आहे. आपल्या वस्तीतल्या बुद्धविहारात, वाचनालयात महिन्यातून एक रविवार जुन्या मोबाइल-संगणकांसाठी ठेवा. आयटीआय झालेली, टपरीवर काम करणारी मुले-मुली शिक्षक होतील. कलम ५२ आणि ६५अ मराठीत छापून भिंतीवर लावा. नोंदवही ठेवा, कारण कायदाच ती मागतो. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, ते फक्त पदवीपुरते नव्हते. ज्या यंत्रांवर आपले अर्ज, आपली मजुरी, आपली ओळख अवलंबून आहे, ती आतून समजून घेणे हेही आजचे शिक्षण आहे. ते आपण घेतले नाही, तर आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूंवर राज्य दुसऱ्याचे राहील.

जय भीम!